शेजारचा राजा आणि आमची गावकी

आमच्या समोरचा फ्लॅट बरेच महिने रिकामा होता. मालक परगावी, आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना तो द्यायला सोसायटी तयार नव्हती. शेवटी तिथं घानाचा एक माणूस राहायला आला. चाळिशी ओलांडलेला, उंच, आणि बोलणं इतकं हळू की पहिल्या दिवशी मला वाटलं याचा घसा बसलाय. पुण्याला पीएच.डी. करत होता. पुण्यात त्याला फोनवर घर मिळायचं आणि समोर जाऊन उभा राहिला की ते घर नेमकं दुसऱ्याला गेलेलं असायचं. म्हणून तो लोणावळ्याला आला. आठवड्यातून एखाद-दोनदा लोकलनं पुण्याला जायचं आणि बाकी वेळ बसून लिहायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

खाली चिक्कीचं दुकान आहे. मागच्या बाजूला गूळ उकळायला लागला की सगळ्या जिन्यात वास भरतो. आम्हाला त्याचा कंटाळा आलेला, त्याला मात्र तो आवडायचा. बाजारात त्याला बघून पर्यटक थांबायचे. कुणाला तो फुटबॉलचा खेळाडू वाटायचा, कुणी न विचारताच शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचं. तो मुकाट उभा राहायचा.

"तुम्हाला राग येत नाही?" मी विचारलं.

"गावी गेलो की तिथंही लोक माझ्याभोवती असेच गोळा होतात," तो म्हणाला. "फक्त तिथलं कारण वेगळं असतं."

ते कारण मला हळूहळू कळलं. त्याचा सख्खा मामा तिकडे राजा होता. राजा म्हणजे देशाचा नव्हे. एक गाव आणि आजूबाजूच्या वाड्या, एवढ्यांचा. त्यांच्यात आसनाचा, म्हणजे राजाच्या गादीचा, वारसा आईकडून चालतो, राजाच्या मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जातो. त्याचा प्रबंधही याच गोष्टीवर होता. इंग्रज तिथं होते तेव्हा त्यांनी या राजांच्या हातून राज्य चालवलं. स्वातंत्र्य आल्यावर नव्या सरकारनं आधी राजांचे पंख छाटले, मग पुढं कधीतरी त्यांना घटनेतच जागा दिली. आजही निवडून आलेलं सरकार शहरात असतं आणि गावची जमीन आसनाच्या नावावर असते. हे दोन्ही मिळून देश कसा घडला, असं तो शोधत होता.

मी लोणावळ्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला होता, फळ्यावर तीन मुद्दे लिहून. आता त्या तीन मुद्द्यांमधला माणूस समोरच्या दारातून दूध घ्यायला बाहेर यायला लागला.

गावकीची गोष्ट मीच त्याला सांगितली. आमचं गाव परंदवडीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. गावात ग्रामपंचायत आहे, निवडणूक होते, सगळं होतं. पण त्याआधी देवळात गावकी बसते. गावकी म्हणजे जुन्या शेतकरी घराण्यांतल्या म्हाताऱ्या माणसांची बैठक. तिची नोंद कुठं नाही. जत्रा कधी, बांधाच्या भांडणात कुणी माघार घ्यायची, पंचायतीला कोण उभं राहणार, हे सगळं तिथं ठरतं आणि मग पंचायत त्यावर सही करते.

"तुमच्या घरातलं कुणी बसतं त्यात?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही बौद्ध."

त्याला ते लगेच कळलं नाही. मी सांगितलं. आमच्या घराण्याकडं पूर्वी गावकामगारीचं वतन होतं. नावाला वतन, बाकी राबणूक. सरकारचा निरोप पुढच्या गावाला पोचवायचा, कुणी गेलं की त्याची वर्दी देत उन्हात फिरायचं, मेलेलं जनावर ओढायचं. इंग्रजांचं सरकार गावात यायचं ते पाटलाच्या ओसरीवर, आणि ओसरीवरून पुढं चालायचं ते माझ्या आजोबांच्या पायांनी. धर्म बदलल्यावर आजोबांनी ती कामं सोडली. पुढं कायद्यानं वतनं गेली, पाटीलकी गेली. ओसरी मात्र जागच्या जागी राहिली.

तो म्हणाला, "मला तुमचं गाव बघता येईल?"

भाताची कापणी नुकतीच झाली होती. खाचरं मोकळी पडलेली, खळ्यावर पेंढ्याच्या गंज्या. आम्ही लोकलनं वडगावला उतरलो आणि तिथून माझ्या भावानं आम्हाला नेलं. भाऊ कारखान्यात कामाला. वहिनी गावची सरपंच. पद त्या वेळी आमच्यातल्या बाईसाठी राखीव निघालं होतं. गावकीनं बचत गटात बसणारी शांत बाई म्हणून तिला निवडलं. सह्या ती करील आणि बैठकीला नवरा येईल, असा त्यांचा हिशोब होता. पहिल्याच बैठकीला भावाला निरोप आला तेव्हा वहिनीनं त्याला घरी बसवलं आणि स्वतः गेली. गावकीला हे रुचलं नाही, पण उघड कुणी बोललं नाही.

तिनं पाहुण्याला तांदळाची भाकरी आणि कालवण वाढलं आणि जेवण झाल्यावर म्हणाली, "आबांकडं जाऊन या आदी. न्हाईतर त्यांच्या कानावर जाईल, पावना आला आन् आला तसा गेला."

आबा म्हणजे पाटलांच्या घरातले सगळ्यांत थोरले. ऐंशीच्या पुढचे, कानानं थोडे कमी, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांच्याबद्दल माझ्या मनात सरळ भावना कधीच नव्हती. मी लहान असताना आमच्या वस्तीची विहीर आटली होती, तेव्हा आबांनी स्वतःची विहीर आमच्यासाठी उघडली. कुणी आडवं येऊ नये म्हणून दोन दिवस स्वतः काठावर बसून राहिले. माझे वडील ही गोष्ट शेवटपर्यंत हात जोडून सांगायचे. त्या जोडलेल्या हातांकडं पाहायला मला आवडायचं नाही.

ओसरीवर आबांनी पाहुण्याला शेजारी बसवून घेतलं. मी मधे बसून दोघांचं बोलणं एकमेकांना सांगत होते. वहिनी आमच्याबरोबर आली होती, ती खांबाला टेकून उभी राहिली.

"तुमच्याकडं राजं हायेत म्हनं अजून?" आबांनी विचारलं.

"आहेत. माझा मामाच आहे."

"मंग सरकार काय करतं?"

"सरकार रस्ते करतं, शाळा काढतं. पण जमीन आसनाची असते. मंत्री गावात आला तरी आधी राजाकडे येतो, भेट ठेवतो, मग लोकांशी बोलतो."

हे आबांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "हे बरं हाय. आमच्या हितं सगळं काढून घ्येतलं आन् पुन्हा म्हनत्यात, आबा, जरा गाव सांभाळून घ्या."

पाहुणा मनापासून हसला. दोघांचं जमलं. राजा न्याय कसा करतो, दोन भावांचं भांडण कसं मिटवतो, हे आबा विचारत गेले आणि तो सांगत गेला. तिथं राजाला खाली खेचण्याचीही रीत आहे, असं त्यानं सांगितलं. राजानं शपथ मोडली तर वडीलधारे त्याला आसनावरून उतरवतात. राजा कोण व्हावा हे आधी राजमाता सुचवते. माझ्या लक्षात आलं की मीही रंगून गेले आहे.

तेवढ्यात वहिनी बोलली. ती मला म्हणाली, पण बघत होती त्याच्याकडं. "ताई, इचारा त्यांना. कुनाच्याबी घरातला मानूस त्या आसनावर बसू शकतो का?"

मी विचारलं. तो म्हणाला, "नाही. राजघराण्यातलाच लागतो."

"ते झालंच. पन गावात अशी घरं हायेत का, ज्यांनी कदी, काय बी झालं तरी बसायचं न्हाई?"

मी हे इंग्रजीत सांगितलं. चहाचा कप त्यानं खाली ठेवला. आबांना वाटलं प्रश्न समजला नाही, ते मला पुन्हा सांग म्हणाले.

"आहेत," तो शेवटी म्हणाला. "जुन्या काळी ज्यांना पकडून किंवा विकत आणलं, त्यांची घरं. आता ती आमचीच आडनावं लावतात. कुणाचं मूळ काय हे आमच्यात उघड बोलायला बंदी आहे. मोठा अपराध समजतात तो. पण आसनाचा प्रश्न आला की प्रत्येकाला बरोबर माहीत असतं."

मी ते मराठीत सांगितलं. आबांनी मान हलवली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. वहिनी म्हणाली, "मंग हाय सारकंच," आणि ओसरी उतरून अंगणात गेली.

परत येताना लोकलमध्ये तो म्हणाला, "मी प्रबंधाची तीन प्रकरणं लिहिली. त्यात हा प्रश्न नाही." पुढच्याच स्टेशनावर गर्दी चढली आणि आमच्यामध्ये एक भाजीवाली टोपली घेऊन उभी राहिली. लोणावळा येईपर्यंत बोलणं झालं नाही.

त्या हिवाळ्यातच रस्त्याचं प्रकरण निघालं. गावाच्या वरच्या अंगाला बंगल्यांसाठी जमिनी गेल्या होत्या. तिकडं जायला मोठा रस्ता हवा होता आणि तो गायरानातून काढायचा होता. त्या गायरानाच्या कडेला आमच्या वस्तीची स्मशानभूमी. आजोबा तिथंच, वडीलही तिथंच. पण सरकारी दप्तरात ती जागा नुसती गायरान म्हणूनच होती. प्लॉटवाल्यानं गावकीला देवळाचा नवा सभामंडप बांधून द्यायचं कबूल केलं होतं. गावकीनं होकार कळवला आणि पंचायतीत ठराव मांडायला वहिनीला सांगितलं.

वहिनीनं ठराव मांडला नाही. तिनं उलट अर्ज केला, की आधी मोजणी करून स्मशानभूमीची नोंद करा. चार महिने तिनं चकरा मारल्या. शेवटी मोजणीचा दिवस ठरला आणि एक अधिकारी गावात येणार असल्याचं कळलं.

त्या दिवशी मी रजा काढून गेले. पाहुण्यानं बरोबर यायचं का विचारलं, मी हो म्हटलं. वहिनीनं पंचायतीचं ऑफिस सकाळीच झाडून घेतलं होतं. खुर्च्या पुसल्या, टेबलावर नवा कपडा घातला. इस्त्रीचं पातळ नेसून ती दारात उभी राहिली. वस्तीतली बरीच माणसं बाहेर पारावर बसली होती.

जीप आली. पंचायतीसमोरून जाताना थोडी हळू झाली, आणि सरळ पुढं गेली. वळणावरून ती आबांच्या घराकडं वळलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली.

वहिनी हलली नाही. पारावरची माणसं तिच्याकडं बघत होती, मग बघेनाशी झाली. बराच वेळ गेला. मग पंचायतीचा शिपाई आला आणि म्हणाला, "मॅडम, सायब आबांकडं बसलेत. तुमाला तिकडंच बोलावलंय."

"त्यांना म्हनावं, ऑफिस हितं हाय," वहिनी म्हणाली.

शिपाई गेला आणि परत आला. "सायब म्हनत्यात, पाचच मिनिटांचं काम हाय."

ती गेली. मी तिच्या मागं. अधिकारी तरुण होता, उद्धट नव्हता. आम्हाला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, "ताई, गैरसमज करून घेऊ नका. मोजणी मी आज करून देईन. पण उद्या कुणी खुणेचे दगड उपटले तर मी रोज येऊ शकणार नाही. गावातल्या मोठ्या माणसांनी हो म्हटलेलं असलं की ते टिकतं. मी इथं वर्ष-दोन वर्षं असेन. हे कायमचे आहेत."

आबा खाली बघत होते. वहिनी म्हणाली, "सायब, मी निवडून आल्येय."

"मला माहीत आहे ना," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच कळवळा होता, आणि तो जास्त लागला.

त्या दिवशी मोजणी झाली नाही. आधी गावात एकमत करा, असं ठरलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा पाहुणा वळणावर उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं. ऐकताना त्याचे डोळे चमकायला लागले. तो म्हणाला, "मॅडम, अगदी हेच. नव्या राज्याकडे खेड्यात हातपाय नसतात, म्हणून ते जुन्याचे हातपाय वापरतं. आणि वापरता वापरता जुन्यालाच मोठं करतं. माझ्या चौथ्या प्रकरणात हे असंच्या असं..."

"पुरे," मी म्हणाले. "तिकडं बघा."

वहिनी पंचायतीच्या ऑफिसात एकटीच खुर्च्या एकावर एक ठेवत होती. त्यानं पाहिलं. मग तो आत गेला आणि तिच्याबरोबर खुर्च्या उचलायला लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ती त्याला कोपरा दाखवायची, तो तिथं खुर्ची नेऊन ठेवायचा. लोणावळ्याला पोचल्यावर जिन्यात तो मला म्हणाला, "मी माफी मागायला हवी. मामाच्या अंगणात मीही अशाच जीपा थांबताना बघत मोठा झालो. मला ते नेहमी आतून दिसायचं."

त्यानंतर महिन्याभरात ग्रामसभा झाली. वस्तीतली सगळी माणसं आली होती, बायका पुढं बसल्या होत्या. वहिनीनं स्मशानभूमीचा विषय मांडला. मागून आरडाओरडा सुरू झाला. रस्ता अडवून गावाचं नुकसान करता, असं कुणीतरी म्हणालं, आणखीही बोललं गेलं, ते मला इथं लिहायचं नाही. वहिनी थांबली नाही.

मग आबा उठले. काठीवर भार टाकून उभे राहिले आणि सभा गप्प झाली.

"त्यांची मानसं तितं झोपलीत," आबा म्हणाले. "माझ्या बापाच्या येळेपासनं झोपलीत. मेलेल्यावरनं गाड्या न्हाई न्यायच्या. रस्ता वढ्याच्या अंगानं न्या."

एवढंच. हात वर झाले आणि ठराव पास झाला. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. भावानं मला मिठी मारली. मी वहिनीकडं पाहिलं तर ती ठरावावर सही करत होती, आणि तिचा चेहरा हरलेल्या माणसासारखा होता.

रात्रीच्या जेवणाआधी ती मला म्हणाली, "ताई, चार म्हैने मी कागद घेऊन फिरले. त्यांनी येक वाक्य बोललं."

"पण झालं ना."

"झालं. म्हंजे आता सगळे म्हननार, आबांनी दिलं. माझी पोरं बी आबांचंच नाव घेतील, तुमच्या वडलांवानी."

मला तेव्हा तिच्या दुःखाशिवाय दुसरं काही दिसलं नाही. ओढ्याच्या अंगाला काय आहे, हे त्या सभेत कुणीच विचारलं नव्हतं.

ऐन उन्हाळ्यात पाहुण्याचा मामा वारला. सकाळी तो माझ्या दारात आला तेव्हा अंगावर काळा सदरा होता. मी त्याला आत बसवलं, चहा केला. तो म्हणाला, "आमच्यात राजा मेला असं म्हणत नाहीत. तो गावाला गेला म्हणतात." मग थोड्या वेळानं, "आजीच्या बहिणीनं माझं नाव सुचवलंय. ती राजमाता आहे."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"अजून काही नाही. मी नाही म्हटलं तर माझा मावसभाऊ बसेल. त्यानं नदीकाठची जमीन वाळूवाल्यांना द्यायचं आधीच कबूल केलंय."

"आणि तुम्ही बसलात तर?"

"मग जमीन वाचेल. कदाचित." तो हातातल्या कपाकडं बघत राहिला. "पण ज्या गोष्टीला मी तीन वर्षं प्रश्न विचारत आलो, तिच्यावरच जाऊन बसायचं. आणि तुमच्या वहिनींनी विचारलेला प्रश्न. तो मी तिथं बसून विचारू शकेन, असं मला वाटत नाही. बसल्यावर तर मुळीच नाही."

मी त्याला जाऊ नका म्हणाले. शिक्षकाला सुचतं तेच मला सुचलं, प्रबंध पूर्ण करा, बाहेरून लिहा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. जायच्या आदल्या दिवशी त्यानं पुस्तकं खोक्यांत भरून माझ्याकडं ठेवली आणि खालून बरीच चिक्की घेतली, गावातल्या वडीलधाऱ्यांना वाटायला. वहिनीला भेटायला वेळ नव्हता. फोनवर मी दोघांचं बोलणं करून दिलं. वहिनी म्हणाली, "भाऊ, बसायचं तर बसा. पन दार उगडं ठेवा." त्यानं ते इंग्रजीत ऐकलं आणि फोन कानाला तसाच धरून उभा राहिला.

पावसाळ्याच्या आधी ओढ्याच्या अंगानं रस्त्याचं काम सुरू झालं. तिथं कातकऱ्यांची खोपटं होती, अगदी थोडी. पिढ्यान् पिढ्या तिथंच. विटभट्टीवर जायची, पावसात परत यायची. त्यांचं नाव दप्तरात नव्हतं, गावकीत नव्हतं, पंचायतीत त्यांच्यातला सभासद नव्हता. खोपटं उठवायला पंचायतीचा ठराव लागला. त्या ठरावावर वहिनीची सही होती.

मला हे वर्तमानपत्रात वाचून एका सहकाऱ्यानं सांगितलं. मी त्याच रविवारी गावाला गेले. वहिनी तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"म्या सही केली," ती म्हणाली. "न केली असती तर रस्ता परत आपल्यावरनं आला असता. आबांनी तसं सांगितलं व्हतं मला, सभेच्या आदीच. तुमी येक बाजू घ्या, म्हनले, दोन्ही मिळायच्या न्हाईत."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय केलं असतं तुमी? पुस्तकात लिवलं असतं." मग तिचा आवाज खाली आला. "त्यांना दुसरीकडं जागा द्यायचा ठराव बी घातलाय मी. व्हईल ते."

"त्यांना कुणी विचारलं होतं का?"

"कोन इचारनार? मीच गेल्ते सांगाया. त्यांच्यातली येक म्हातारी म्हनली, तुमीच आता सरकार, तुमी सांगाल तसं." वहिनीनं डोळे पुसले नाहीत. सूप परत मांडीवर घेतलं. "मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

आम्ही दोघी बराच वेळ तांदूळ निवडत बसलो. आजोबांच्या जागेसाठी मीही त्या सभेत टाळ्या वाजवल्या होत्या, आणि ती जागा राहिली याचा आनंद आजही मला होतो. तो आनंद खोटा नाही आणि निर्मळही नाही.

पाहुण्याचा फोन दिवाळीच्या सुमारास आला. त्याआधी मी दोनदा लावला होता, तेव्हा दुसराच माणूस बोलला. राजाशी थेट बोलत नाहीत, तुमचं म्हणणं मला सांगा, मी पोचवतो, असं तो अदबीनं म्हणाला होता. मी नुसता नमस्कार सांगितला होता. या वेळी तो स्वतः बोलत होता, गाडीतून. आवाज तसाच हळू.

वाळूवाल्यांना त्यानं परत पाठवलं होतं. त्या जमिनीवर सरकारी शाळा व्हायची होती. "सरकारचे लोक माझ्याकडे येतात," तो म्हणाला. "लोकांना आधी विचारा, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. ते हसतात. त्यांना वाटतं मी नम्रपणा करतोय. तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही. मॅडम, हे इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं."

"आणि वहिनींचा प्रश्न?"

"एका घराला मी वडीलधाऱ्यांच्या बैठकीत बसायला बोलावलं," तो म्हणाला. "कारण सांगितलं नाही, सांगता येत नाही. ते आले नाहीत. त्यांनी निरोप पाठवला, आम्हाला उघडं पाडू नका."

मग त्यानं वहिनीची चौकशी केली. मी त्याला ओढ्याचं सांगितलं. त्यानं मधे एकदाही मला थांबवलं नाही. शेवटी इतकंच म्हणाला, "त्यांना माझा नमस्कार सांगा. खुर्च्या उचलल्या होत्या आम्ही." त्याच्या बाजूला कुणीतरी त्यांच्या भाषेत काही बोललं आणि फोन बंद झाला.

त्याची खोकी अजून माझ्या मागच्या खोलीत आहेत. तृतीय वर्षाला मी तो धडा आजही शिकवते. फळ्यावर मुद्दे लिहीत नाही, बसून बोलते, आणि मुलं परीक्षेत काय लिहायचं म्हणून विचारतात.

मागच्या महिन्यात गावी गेले होते. कातकऱ्यांना दिलेली जागा उताराची निघाली, पाणी लांब. ती म्हातारी वहिनीच्या दारात आली होती. वहिनी म्हणाली, "वर या, मावशी, हितं बसा." म्हातारी पायरीपाशीच उकिडवी बसली. वहिनी उठून खाली गेली आणि तिच्यासमोर बसली, तशी म्हातारी आणखी मागं सरकली. दोघी तशाच बोलत राहिल्या. नळाचं बघते, असं वहिनी म्हणाली. या पंचवार्षिकात व्हईल का, म्हातारीनं विचारलं. वहिनीची मुदत आता थोडीच राहिली होती, आणि पुढचं पद कुणाला सुटेल हे अजून ठरायचं होतं. ती म्हणाली, "बगते मी." म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि नव्या रस्त्याच्या कडेकडेनं चालत गेली.